बिऱ्हाडात माणसं वाढली तर?

चेन्नईत एग्मोर भागात भाड्याच्या घरात राहणारं एक मराठी जोडपं डोळ्यांसमोर आणा. नोकरीनिमित्त पुण्याहून आलेलं, दोन खोल्यांचं घर, करारावर नवऱ्याची सही. एक दिवस गावाहून फोन येतो. आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया करायची आहे, तीही चेन्नईतच करू, दोन महिने तुमच्याकडे राहील, सोबत वडीलही येतील. फोन ठेवल्यावर पहिला प्रश्न निघतो तो असा : घरमालकाला विचारावं लागेल का?

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मालक राहतो. त्याच्याही मनात एक प्रश्न असतो. घर दोघांना दिलं होतं, आता जिन्यात चार जोडी चपला दिसतात. आपण काही बोलू शकतो का? आणि बोलायचं तर कोणत्या अधिकाराने?

हे दोन्ही प्रश्न एग्मोरमध्ये जरा जास्तच पडतात. तमिळमध्ये या भागाला एळुंबूर म्हणतात. इथलं रेल्वे स्थानक १९०८ सालचं. मदुराई, तिरुनेलवेली, कन्याकुमारीकडच्या गाड्या इथे लागतात, आणि बरीच वर्षं दादरहून सुटणारी एक गाडीही थेट एग्मोरला येत असे. स्थानकापासून जवळच स्त्रिया आणि मुलांचं सरकारी रुग्णालय आहे. त्याची सुरुवात १८४४ साली प्रसूतिगृह म्हणून झाली. हॉल्स रोडवर मुलांचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. शेजारच्या नुंगंबाक्कममध्ये १९७८ पासून शंकर नेत्रालय आहे. अशा जागी ज्याचं घर, त्याच्याकडे माणसं येणारच. आजारी माणसाला लॉजच्या खोलीत ठेवणं कुणाच्या जिवावर येत नाही? एग्मोरमधला नातेवाईक म्हणजे साऱ्या गोतावळ्याची धर्मशाळा होते, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण धर्मशाळेचा मालक वेगळा असतो, हे लक्षात ठेवावं लागतं.

१. सही एकाची, घर सगळ्यांचं

आधी शब्दांकडे बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

आज आपण ‘भाडेकरू’ म्हणतो. जुनी माणसं ‘बिऱ्हाडकरू’ म्हणत. भाडेकरू या शब्दात फक्त पैसे आहेत. बिऱ्हाड या शब्दात भांडीकुंडी, अंथरुणं, म्हातारी माणसं, पोरंबाळं सगळं आलं. तमिळमध्येही असाच एक शब्द आहे, कुडित्तनक्कारर. कुडित्तनम म्हणजे संसार, घरदार चालवणं. संसार घेऊन राहायला आलेला तो कुडित्तनक्कारर, म्हणजे भाडेकरू. दोन वेगळ्या भाषांनी एकच गोष्ट ओळखली : घर भाड्याने घेणारा एकटा येत नाही.

करार मात्र एकाशी होतो. भाडं देण्याची, घर जपण्याची, सोडताना किल्ली परत करण्याची जबाबदारी त्या एकाची. बाकीचे सगळे त्याच्या आडोशाने राहतात. त्याच्या बायकोला, मुलांना, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना घरात राहण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, कारण राहण्यासाठी म्हणून दिलेल्या घरात कुटुंब राहणार हे मालकाला ठाऊकच असतं. अवघड होतं ते कुटुंबाच्या कडेला असलेल्या माणसांचं : चुलतभाऊ, मेहुणा, भाचा, बहिणीचं सासर. ही माणसं आपल्याला घरचीच वाटतात. करार वाचणाऱ्याला ती तिऱ्हाईत वाटू शकतात.

२. मालक इतका बिचकतो का?

पाहुण्याने चार दिवसांत असं काय बिघडणार, असं भाडेकरूला वाटतं. मालकाच्या मनात चार दिवस नसतात, चाळीस वर्षं असतात. ती भीती उगाच आलेली नाही.

मुंबईचं उदाहरण घ्या. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून ठेवली. महागाईच्या आणि घरटंचाईच्या काळात भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणं हा त्याचा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. त्या कायद्यात आणखी एक तरतूद होती. भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होऊ शके. विधवा बायको आणि लहान मुलं बेघर होऊ नयेत, यासाठी ती होती. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यातही ही तरतूद कायम आहे.

आता याचा परिणाम बघा. समजा, गिरणगावातल्या एका चाळीत काका राहतात. कोकणातून पुतण्या आला, कामाला लागला, काकांजवळ राहिला. काका निपुत्रिक वारले. पुतण्या म्हणतो, मी कुटुंबातला, मी सोबत राहत होतो, खोली माझ्या नावावर करा. मालक म्हणतो, हा तर पाहुणा होता. भाडं तेच, कित्येक वर्षांपूर्वीचं. भांडण कोर्टात जातं आणि तिथे रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचे दाखले, शेजाऱ्यांच्या साक्षी असा सगळा संसार कागदावर मांडला जातो. काकांकडे राहायला आलेल्या पुतण्याची किंमत मालकाच्या लेखी एवढी मोठी होते.

त्यात १९७३ ची भर पडली. भाडेकरूला संरक्षण आहे म्हणून मुंबईतले मालक ‘भाडं’ न म्हणता ‘परवाना’ म्हणून जागा देऊ लागले होते. कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता, असे परवानाधारकही भाडेकरू ठरले. त्या दिवसानंतर मुंबईतल्या मालकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली : आज ज्याला आत घेतलं, तो उद्या कायमचा होऊ शकतो.

चेन्नई यापासून दूर नव्हती. तमिळनाडूच्या १९६० च्या भाडेनियंत्रण कायद्यातही मृत भाडेकरूच्या सोबत, त्याच्या कुटुंबातले म्हणून अखेरपर्यंत राहिलेल्या जोडीदाराला, मुलामुलींना किंवा कायदेशीर वारसाला भाडेकरू मानलं जाई. एग्मोरमधला सत्तरीचा मालक तुमच्या आईकडे बघून कपाळावर आठी घालतो तेव्हा त्याला तुमची आई नकोशी असते असं नाही. त्याच्या वडिलांच्या वेळचा एखादा खटला त्याला आठवत असतो.

३. पाहुणा, घरचा माणूस आणि पोटभाडेकरू

कायद्याला नातं फारसं मोजता येत नाही. त्याला ताबा मोजता येतो. म्हणजे घरावर प्रत्यक्ष हुकूम कुणाचा चालतो, एवढंच तो बघतो.

हे ओळखायला आपल्याकडे एक जुनी खूण आहे : चूल. ‘त्यांची चूल वेगळी झाली’ असं आपण म्हणतो तेव्हा भिंत उभी राहिलेली नसते, पण घर दोन झालेलं असतं. तिला दुसरी खूण जोडा, किल्ली. मूळ भाडेकरू अजून त्या घरात येतो-जातो का, घर त्याच्या मर्जीवर चालतं का? या दोन खुणांनी बहुतेक प्रकरणं सुटतात.

आई दोन महिने आली, एकाच चुलीवर जेवते. ती घरची. तिच्या येण्याने ताब्यात काहीच बदल झाला नाही.

भाचा कॉलेजसाठी आला, तीन वर्षं राहणार, घरखर्चाला थोडा हातभार लावतो, पण ताट एकच. तोही भाडेकरूच्याच आडोशाला आहे. फक्त काळ मोठा असल्याने मालकाला कळवणं शहाणपणाचं.

आता तिसरं. भाडेकरूची बदली बेंगळुरूला झाली. करार अजून आठ महिने आहे. तो मेहुण्याला घरात ठेवून निघून गेला आणि भाडं मेहुणा भरतो. नातं सख्खं आहे, पण किल्ली हातातून गेली. मालकाने हरकत घेतली तर भाडेकरूची बाजू लंगडी पडते. चौथं त्याहून उघड : मागची खोली चुलतभावाला दिली, त्याने गॅस वेगळा मांडला, दरमहा ठरावीक रक्कम घेतली. चुलतभाऊ असला तरी तो पोटभाडेकरूच.

सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात हाच मुद्दा स्पष्ट केला. भाडेकरू वडील धंद्यातून बाजूला झाले होते आणि मुलं तो चालवत होती. मालक म्हणाला, जागा दुसऱ्याच्या हातात गेली. न्यायालयाचं म्हणणं असं की दुसरं कुणी जागा वापरतंय एवढ्याने ताबा सुटत नाही. कायदेशीर ताबा भाडेकरूकडेच असेल, तर तो पोटभाड्याचा प्रकार नव्हे. मात्र याची दुसरी बाजूही न्यायालयांनी धरून ठेवली आहे. तिऱ्हाईत माणूस जागेचा स्वतंत्र ताबा घेऊन बसल्याचं मालकाने एकदा दाखवलं, की तो तिथे कसा आला याचा खुलासा भाडेकरूला करावा लागतो.

चेन्नईतल्या मराठी माणसांपुरतं इथे एक सांगायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली, चेन्नईच्या सौकारपेठेतही आली. एकाने जम बसवायचा, मग गावाकडची पोरं हाताखाली आणायची, शिकवायची, त्यांनी पुढे आपलं दुकान थाटायचं, अशी ही रीत. पोरं अर्थातच आणणाऱ्याच्या घरी राहतात. मला ही रीत फार मोलाची वाटते. दुष्काळी भागातल्या मुलांना तिने हाताला काम दिलं. पण घर देणाऱ्याच्या नजरेतून बघितलं तर एका कुटुंबाच्या नावावर घेतलेल्या घरात दर वर्षी नवे चेहरे दिसतात. पोरांची नाती भाडेकरूला तोंडपाठ, मालकाला सगळे अनोळखी. अशा वेळी घर घेतानाच ‘गावाकडची दोन-तीन मुलं आमच्यात राहतील’ असं सांगून करारात लिहून घेतलं, तर पुढचा संशय जन्मालाच येत नाही.

४. टाकीचं गणित

कायद्याची भीती लांबची. रोजची कटकट पाण्याची असते, आणि चेन्नईत तर नक्कीच.

साधा हिशोब करू. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. समजा, एका लहान इमारतीत चार घरं आहेत आणि प्रत्येकात दोन माणसं. म्हणजे आठ जणांना दिवसाला १,०८० लिटर. उन्हाळ्यात सगळी भिस्त टँकरवर आली, तर ९,००० लिटरचा एक टँकर आठ दिवसांहून थोडा जास्त पुरतो. आता एका घरात चार पाहुणे आले. माणसं झाली बारा, पाणी लागलं १,६२० लिटर. तोच टँकर साडेपाच दिवसांत संपतो. महिन्याचा हिशोब केला तर आधी ३२,४०० लिटर लागत होते, आता ४८,६०० लिटर, म्हणजे जवळजवळ दोन टँकर जास्त.

आणि पैसे कोण भरणार? टँकरचा खर्च चार घरांत सारखा वाटला जात असेल, तर एका घरच्या पाहुण्यांचं पाणी बाकीची तीन घरं भरतात. मालकाकडे तक्रार घेऊन येतात ते हे शेजारी. बऱ्याचदा मालकाचं बोलणं शेजाऱ्यांच्या तोंडचं असतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही तलाव जवळपास आटले. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली रेल्वे चेन्नईत आली. मराठी वाचकाला हे चित्र परकं वाटणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला अशीच पाण्याची गाडी गेली होती. ज्या शहराने असा उन्हाळा काढला, तिथला मालक घर देताना ‘किती जण राहणार?’ हा प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी विचारतो, यात नवल नाही.

विजेचं भांडण त्या मानाने लवकर मिटतं. प्रत्येक घराला वेगळा मीटर असला की वाढीव बिल आपोआप त्याच घरावर पडतं. पाण्याला सहसा असा मीटर नसतो, म्हणून भांडण पाण्यावरून होतं.

माणसं मोजायची तरी कशी, हाही प्रश्न आहेच. इंग्लंडच्या घरदाटीच्या कायद्यात एक गमतीशीर पण विचारपूर्वक केलेली मोजणी आहे : एक वर्षाच्या आतलं मूल मोजायचं नाही, आणि दहा वर्षांच्या आतलं मूल अर्धं धरायचं. न्यूयॉर्कमध्ये भाडेकरूला जवळचं कुटुंब, शिवाय आणखी एक माणूस आणि त्या माणसावर अवलंबून असलेली मुलं घरात ठेवण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे, करारात काहीही लिहिलेलं असो. आपल्याकडे अशी स्पष्ट रेघ नाही. त्यामुळे ती करारात ओढून घ्यावी लागते.

५. पुण्याचा कागद आणि एग्मोरचा कागद

पुण्या-मुंबईत आपण ‘लिव्ह अँड लायसन्स’ करतो. चेन्नईत भाडेकरार होतो. दोन्ही कागद दिसायला सारखे, पण आतून वेगळे. शेजाऱ्याने ‘माझ्या शेतातून ये-जा कर’ म्हणून परवानगी दिली, तर शेतावर तुमचा काही हक्क निर्माण होत नाही. तेच शेत त्याने खंडाने दिलं, तर मुदतीपुरता त्यावर तुमचा हक्क असतो. लायसन्स पहिल्या प्रकारातलं, भाडेकरार दुसऱ्या. लायसन्स ही त्या माणसापुरती दिलेली परवानगी असल्याने ती दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. म्हणूनच महाराष्ट्रातल्या अशा करारांमध्ये ‘स्वतःच्या आणि कुटुंबीयांच्या राहण्यासाठी’ असे शब्द हमखास असतात. ते शब्द कागदावर आहेत ना, हे सही करण्याआधी बघा.

एग्मोरला लागू होतो तो तमिळनाडूचा २०१७ चा घरमालक आणि भाडेकरूंचे हक्क व जबाबदाऱ्या ठरवणारा कायदा. तो २२ फेब्रुवारी २०१९ पासून अंमलात आला आणि १९६० चा जुना कायदा गेला. नव्या कायद्यात सगळा भर लेखी करारावर आहे. करार लेखी हवा आणि त्याची नोंद भाडे प्राधिकाऱ्याकडे व्हायला हवी. हा प्राधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जाचा असतो. मालकाशी आधी लेखी ठरल्याशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि ठेवला तर घर खाली करून घ्यायला मालकाला ते कारण पुरतं.

चेन्नईत अनामत रकमेला ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात आणि दहा-दहा महिन्यांच्या भाड्याएवढा अ‍ॅडव्हान्स घेण्याची जुनी चाल होती. नव्या कायद्याने, करारात वेगळं ठरलं नसेल तर, तीन महिन्यांची मर्यादा घातली. नातेवाईक आले म्हणून मध्येच ‘अ‍ॅडव्हान्स वाढवा’ अशी मागणी झाली, तर हा मुद्दा हाताशी असू द्या.

६. समंजस मालक काय करतो, आणि काय करायचं नसतं

समंजस मालक घर देतानाच विचारतो : कोण कोण राहणार, आईवडील येऊन-जाऊन असतात का, कुणाच्या बाळंतपणाचा विचार आहे का? शेवटचा प्रश्न खासगी वाटतो, पण चेन्नईत तो सहज विचारला जातो. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची चाल जशी आपली, तशी तमिळ घरांचीही. आपलं डोहाळजेवण, त्यांचं वळैकाप्पु. मुलगी सातव्या-नवव्या महिन्यात माहेरी येणार, बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत राहणार, हे मालकाच्या स्वतःच्या घरीही घडलेलं असतं. त्यामुळे यावर कुणी सहसा अडत नाही. मी तर म्हणेन, मालकाशी सूर जुळवायला याहून चांगला विषय नाही.

नंतर तो करारात दोन-तीन ओळी घालतो. राहणाऱ्यांची नावं. अमुक दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर आधी कळवायचं. माणसं वाढल्यास पाण्याचा वाटा माणशी. पंधरा दिवस की महिना, हा आकडा कायद्याने ठरवलेला नाही. तो दोघांनी ठरवायचा. एखादा नातेवाईक कायमच राहायला येणार असेल, तर पुरवणी करार करून त्याचं नाव घालायचं. ओळखपत्राची प्रत मागितली तर भाडेकरूने रागावू नये. शहरात बँकांवर दरोडे पडल्यानंतर, २०१२ मध्ये चेन्नई पोलिसांनी घरमालकांना भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्यायला सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मालक या बाबतीत सावध आहेत.

रागाच्या भरात मालकांच्या हातून ज्या गोष्टी होतात, त्या मात्र कायद्यात बसत नाहीत. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणं, वीज तोडणं हे करताच येत नाही. अत्यावश्यक सेवा रोखायला २०१७ च्या कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. घरात डोकवायचं असेल तर २४ तास आधी कळवायला हवं. ‘तुमची आई उद्या गेली पाहिजे’ हे तोंडी फर्मान म्हणजे कायद्याने घर खाली करून घेणं नव्हे. त्यासाठी आधी कारण लागतं, मग भाडे न्यायालय. आजारी माणूस घरात असताना पाणी तोडणाऱ्या मालकाची बाजू मला कोणत्याही कारणाने पटणार नाही, त्याची भीती कितीही खरी असली तरी.

७. कधी सांगायचं आणि काय

पाहुणे यायच्या आधी. पेट्या जिन्यात दिसल्यावर सांगितलं, तर ती कबुली होते. आधी सांगितलं, तर ती माहिती असते. तोंडी सांगा, आणि त्याच संध्याकाळी मोबाईलवर लिहूनही ठेवा. पुण्याच्या त्या जोडप्याला मी एवढं लिहायला सांगेन :

‘नमस्कार सर. माझ्या आईची डोळ्यांची शस्त्रक्रिया आहे. आई आणि वडील ५ तारखेला येतील, साधारण दोन महिने आमच्यासोबत राहतील. त्यांची ओळखपत्रं उद्या देतो. या दोन महिन्यांत आमच्या घरात चार जण असतील, तर पाण्याचा वाटा त्याप्रमाणे धरा. मुक्काम वाढला तर आधी कळवीन.’

या पाच-सहा ओळींत मालकाला हवं ते सगळं आहे : कोण, किती, किती दिवस, आणि टँकरचे पैसे. परवानगी मागितलेली नाही, कारण आईवडिलांसाठी ती मागायची गरजच नाही. ‘आमच्यासोबत’ हा शब्द मात्र मुद्दाम घातला आहे. चूल एक आणि किल्ली आमच्याकडे, हे त्यात आलं. पुढे कधी वाद झालाच, तर तारखेसह असलेला हा निरोप शेजाऱ्यांच्या साक्षीपेक्षा जास्त कामाचा ठरेल.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी आणखी महिनाभर थांबायला सांगितलं, तर त्याच निरोपाखाली नवी तारीख लिहायची.